हर्ली हेवूड : चोवीस तासांचा माणूस

जन्म १९४८, शिकागो. व्हिएतनाममधल्या लष्करी सेवेनंतर फ्लोरिडातल्या ब्रुमोस या मोटार रेसिंग संघात चालक पीटर ग्रेगचा जोडीदार. १९७३ मध्ये या दोघांनी पोर्शे ९११ कॅरेरा आरएसआरमधून डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी तिसऱ्या एका चालकासह सेब्रिंगची १२ तासांचीही. पुढे हेवूडने डेटोना आणखी चार वेळा जिंकली : १९७५, १९७७, १९७९, १९९१. ही पाच विजेतेपदं नंतर फक्त स्कॉट प्रुएट या चालकाला गाठता आली.

फ्रान्समधली ल मां शर्यत हेवूडने तीनदा जिंकली, पण त्यांत १९७७ची खरी थरारक. सुरुवातीच्या बिघाडामुळे हेवूड आणि युर्गन बार्थ यांची पोर्शे ९३६ पार मागे पडली होती. पोर्शेच्याच दुसऱ्या गाडीचा चालक जॅकी इक्स, त्याची स्वतःची गाडी बंद पडल्यावर, यांच्या गाडीत आला आणि रात्रभर त्याने ती जीव तोडून चालवली. शेवटच्या तासात पिस्टन गेला. सहापैकी पाच सिलिंडरांवर बार्थने ती रेषेपार नेली. १९८३ आणि १९९४ची विजेतेपदंही पोर्शेतूनच आली.

वेगाइतकंच गाडी सांभाळून सोबत्याच्या हाती देणं हे हेवूडचं मोठं कसब. २०१८च्या आत्मचरित्रात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर लिहिलं. अमेरिकी रेसिंगच्या त्या पिढीत हे धाडस फार मोठं.