देहातील पहारेकरी आणि घराण्याचा वारसा

धडधाकट तरुण चालता चालता कोसळतो आणि काही क्षणांत संपतो, तेव्हा कुणी त्याला दैवगती म्हणते, कुणी बाहेरची बाधा. वैद्यकशास्त्र मात्र अशा काही मृत्यूंचे कारण रक्ताच्या नात्यात शोधते. हृदयाचे ठोके ज्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावर चालतात, त्यातच जन्मतः दोष असू शकतो. ‘लाँग क्यूटी’ हा असाच एक विकार. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आईवडिलांपैकी एकाकडे दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

अशा प्राणघातक ठोक्यांना आतल्या आत आवर घालणारे यंत्र डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून साकारले. आपल्या गुरूंच्या आकस्मिक मृत्यूने ते या कामाकडे वळले होते. फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते यंत्र प्रथम मानवी देहात बसविण्यात आले. ठोके बेताल होताच ते विजेचा झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणते.

तथापि हा पहारेकरी फुकट राबत नाही. झटका छातीवर लाथ बसावी तसा असतो. पुढचा केव्हा येईल, ही धास्ती मनात घर करते. यंत्राची नियमित तपासणी करावी लागते आणि बॅटरी संपत आली की, साधारणतः काही वर्षांनी, पुन्हा शस्त्रक्रिया. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावच्या रहिवाशाला यासाठी नाशिक वा मुंबई गाठावी लागते. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच भाग होय.

मग यंत्र परवडत नाही म्हणून गप्प बसावे काय? मुळीच नाही. प्रत्येक रुग्णाला यंत्र लागते असेही नाही. लाँग क्यूटीच्या अनेक रुग्णांना रोजच्या साध्या गोळ्या आणि काही औषधे टाळण्याचे पथ्य पुरते. त्यासाठी आधी रोग ओळखला पाहिजे. ईसीजी काढणे स्वस्त व वेदनारहित आहे. तो एकदा निर्दोष आला म्हणजे धोका टळला असे नव्हे. परंतु पहिली पायरी तीच.

तरुण माणूस अकस्मात गेला की ‘कशाने गेला?’ एवढेच विचारले जाते. ‘त्याच्या भावंडांपैकी कुणी धावताना, पोहताना किंवा दचकून बेशुद्ध पडते काय?’ हा प्रश्न राहून जातो. आरोग्य केंद्राने तो विचारावा. वर्गात मूर्च्छा आलेल्या मुलाविषयी शिक्षकांनी तो विचारावा. गेलेला परत येत नाही. मागे राहिलेली भावंडे मात्र वाचू शकतात.