द्यूताचे व्यसन आणि त्यावरील उपचार

सप्तव्यसनांची नावे पाठशाळेतील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात आणि त्या नामावलीत द्यूत सर्वांत आधी येते. मद्य, चोरी इत्यादी व्यसने त्यानंतरची. या क्रमामागे व्यवहाराचे सूक्ष्म निरीक्षण असावे. कारण द्यूतापायी कर्ज होते, कर्ज लपविण्यासाठी असत्य बोलावे लागते आणि असत्य अपुरे पडले की हात दुसऱ्याच्या तिजोरीकडे वळतो. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. महाभारतातील अनर्थाला वळण लागले ते सभापर्वातील फाशांनी. रोग पुरातन आहे. नवीन आहेत ती त्याची साधने, आणि त्याहूनही नवीन आहेत ते त्यावरील उपचार.

चिठ्ठीपासून मोबाइलपर्यंत

अंबा नदीकाठचे नागोठणे हे रोहा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग, पनवेल-रोहा लोहमार्ग आणि पेट्रोकेमिकल कारखाना यांमुळे व्यापाऱ्यांच्या जोडीला महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार जमा होणारी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. हाती नियमित रोकड आणि पाळीच्या कामानंतरचा एकांत, या दोहोंवर जुगाराची नजर सर्वत्रच असते.

मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर पैजा लागत. त्यांतूनच पुढे मटका निर्माण झाला. १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत आणि त्यानंतर रतन खत्री यांनी तो राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचविला. त्या काळी आकडा लावणाऱ्याला निदान कोपऱ्यावरच्या माणसापर्यंत चालत जावे लागे आणि कोणीतरी त्याला पाहत असे. मोबाइलवरील रमीला किंवा क्रिकेटच्या सट्ट्याला साक्षीदार लागत नाही. शेजारी झोपलेल्या पत्नीलाही महिन्याचा पगार संपल्याचे कळत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. बंदीने वाट अरुंद होते. मनातील ओढ मात्र कायद्याने संपत नाही.

व्यापारी समाजाने आणखी एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटाच झाला आणि त्या तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरली. प्रत्येक व्यवहार जुगार नसतो, हे खरे. परंतु गेलेली रक्कम आजच परत मिळविण्यासाठी दुप्पट सौदा करणाऱ्याचे मन आणि जुगाऱ्याचे मन यांत फारसे अंतर उरत नाही.

दुर्गुण की आजार?

अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. २०१३ मध्ये त्याची गणना दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर होऊ लागली, कारण मेंदूत घडणारी प्रक्रिया पुष्कळशी सारखी आढळली. जिंकण्यापेक्षाही जिंकण्याची अपेक्षा मेंदूला अधिक चेतविते. थोडक्यात हुकलेला डावसुद्धा पुन्हा खेळण्यास प्रवृत्त करतो. म्हणूनच ‘एवढे नुकसान होऊनही हा थांबत का नाही?’ हा घरच्यांचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी नुकसान हेच त्याच्या पुढल्या डावाचे निमित्त ठरत असते.

संवादातून उपचार

या विकारावरील प्रमुख उपचार म्हणजे विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती. तीत रुग्णाला उपदेश केला जात नाही. त्याच्याकडूनच नोंदी करून घेतल्या जातात. खेळण्याची इच्छा केव्हा झाली, त्यापूर्वी काय घडले, किती रक्कम गेली, हे लिहिताना ओढीचे वेळापत्रक त्याला स्वतःलाच दिसू लागते.

पुढे चुकीच्या समजुती तपासल्या जातात. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावरील गोळी सलग २६ वेळा काळ्या रंगावर थांबली. आता लाल येणारच, या खात्रीने लोक रकमा वाढवीत गेले आणि बुडाले. चक्राला मागील फेरीची आठवण नसते. मटक्याच्या आकड्याला किंवा पत्त्यांच्या पानांनाही ती नसते. ‘आता आपली पाळी’ हा विचार मनात येताच तो ओळखून बाजूला ठेवण्याचा सराव या उपचारात होतो. मोकळ्या वेळेचे नियोजन आणि पुन्हा घसरण झाल्यास काय करावे याची तयारी हेही त्याचे भाग आहेत.

विवेकनिष्ठ मानसोपचाराची ही परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात उभारलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती मराठी घरांपर्यंत नेली. १९८६ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी दिली.

औषधांचे स्थान

जुगाराच्या व्यसनासाठीच तयार झालेले औषध अद्याप नाही. तथापि अफूजन्य पदार्थ व दारू यांच्या व्यसनावर दिले जाणारे नाल्ट्रेक्सोन काही रुग्णांना उपयोगी पडते. डावातून मिळणाऱ्या सुखाशी निगडित असलेले मेंदूतील ग्राहक ते रोखते. त्यामुळे ओढीची धार बोथट होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांत संवादोपचाराला अग्रस्थान दिले असून, त्याने पुरेसा गुण न आल्यास किंवा व्यसन उलटल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली या औषधाचा विचार करावा, असे सुचविले आहे.

हे औषध सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करावी लागते. अफूवर्गीय वेदनाशामक घेणाऱ्यास ते चालत नाही. सोबत नैराश्य असल्यास त्यावर स्वतंत्र उपचार होतात. याउलट कंपवातावरील प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची ओढ नव्याने निर्माण झाल्याची नोंद आहे. घरातील वयस्कर व्यक्ती अशी औषधे घेत असताना अकस्मात पैसे उधळू लागल्यास, ती बाब तिच्या डॉक्टरांना अवश्य सांगावी. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

घराचा हिशेब

उपचाराला आर्थिक शिस्तीची जोड हवी. रुग्णाच्या संमतीने काही काळ पगाराचे खाते घरातील विश्वासू व्यक्तीने सांभाळावे, मोबाइलवरून पैसे पाठविण्याची मर्यादा कमी करून घ्यावी, कर्ज देणारी ॲप काढून टाकावीत. सर्व कर्जांची एकच यादी लेखी करावी. प्रतिष्ठेपायी वडील किंवा भाऊ सारे कर्ज एका दिवसात फेडतात, तेव्हा रुग्णाच्या हाती पुन्हा कोरी पाटी येते आणि त्याच पाटीवर नवे कर्ज लिहिले जाते. उपचार सुरू ठेवणे या अटीवर, हप्त्याहप्त्याने आणि थेट सावकाराला किंवा बँकेला केलेली परतफेड अधिक हितकर.

उपचारासाठी नागोठण्याहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठता येते किंवा पनवेल-ठाण्याकडील मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. घरबसल्या पहिले पाऊल टाकावयाचे असल्यास शासनाची टेलिमानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ती धमकी मानू नये. त्याला एकटे न सोडता तत्काळ मदत मिळवावी.

व्रताला उपचारांची साथ

पर्युषणात अनेकजण व्यसनत्यागाचे नियम घेतात. नियम मोडला की मात्र लाजेने माणूस लपतो आणि लपण्यातच व्यसन वाढते. आपल्या परंपरेने यासाठी आलोचनाही सांगितली आहे: दोष दडवून न ठेवता गुरूंपुढे उघड करणे. डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलणे हे त्या वृत्तीला धरूनच आहे. तेव्हा एखाद्या घरातील तरुणाने ‘मी अडकलो आहे’ असे म्हटले, तर समाजाने त्याच्या विवाहसंबंधाची चर्चा करण्यापूर्वी त्याच्या उपचाराची व्यवस्था करावी. श्रावणातील सातम-आठमला किंवा दिवाळीत ‘शकुनापुरते’ मांडले जाणारे पत्त्यांचे डावही या वर्षीपासून बंद व्हावेत. लहानांचे डोळे त्या डावाकडे लागलेले असतात.