हृदय ‘३० टक्केच’ चालतंय म्हणजे नेमकं काय?

इकोचा रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांच्या आधी घरातलंच कुणीतरी तो वाचतं. ‘एलव्हीईएफ ३० टक्के’ एवढीच ओळ डोळ्यांत भरते आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत फोन फिरतात, ‘बाबांचं हृदय ३० टक्केच चालतंय, ७० टक्के गेलं.’ हा हिशेब चुकीचा आहे. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो, मग आवळतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, ते हा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचं हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. त्याचा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. म्हणून ३० ची तुलना शंभराशी करायची नाही, साठाशी करायची. आजार गंभीर आहेच, पण योग्य औषधांनी हा आकडा अनेकांमध्ये वाढतो.

उलटही घडतं. आकडा ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण काहींचं हृदय नीट आवळतं पण ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही. वर्षानुवर्षं बीपी, मधुमेह किंवा स्थूलपणा असलेल्या वयस्कर बायकांत हे बरंच दिसतं. ‘इको नॉर्मल आहे, धाप वयामुळे लागते’ म्हणून त्यांचं दुखणं मागे पडतं, याचं फार वाईट वाटतं.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबणं नव्हे. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं आणि मागे पाणी साठतं. फुप्फुसांत साठलं की धाप लागते, पायांत साठलं की मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर खोल उमटतो. हा केवळ म्हातारपणाचा आजारही नाही. केरळमध्ये २०१३ साली त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत नोंदवलेल्या रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा हे सुमारे दहा वर्षांनी कमी आहे.

सगळ्यात महागात पडतो तो गैरसमज वेगळाच आहे. ‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला. हृदयाचा स्नायू अशक्त होऊन पसरलेला, पण औषधांनी आकडा पूर्ववत झालेला आणि त्रास अजिबात नसलेला, असे रुग्ण निवडले. त्यांतल्या २५ जणांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली, २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत औषधं थांबवलेल्यांपैकी ११ जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळे.

गोळ्या सुटण्याची कारणंही ठरलेली असतात. ‘बीपी नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी का?’ कारण इथे ती हृदयावरचा भार उतरवण्यासाठी दिलेली असते. बीपी १०० वर ६० भरलं, पण चक्कर किंवा ग्लानी नाही, तर घरच्या घरी गोळी बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. ‘साखर नाही, मग डायबेटिसची गोळी का?’ डापाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळीच्या २०१९ मधल्या मोठ्या चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हताच, तरी त्यांना फायदा झाला. आपल्याकडे २०२० पासून या गोळीची स्वस्त जेनेरिक मिळू लागली, ही मोठी सोय झाली. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरने सुरुवातीला थकवा वाटू शकतो, म्हणून तो अगदी कमी मात्रेत सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने वाढवतात. त्याचा फायदा दिसायला महिने लागतात.

मिठाबद्दल ‘आम्ही वरून घेतच नाही’ हे उत्तर ठरलेलं. पण पापड, लोणचं, फरसाण, सुका बोंबील यांतलं मीठ कुठे जाईल? पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतंच. उपवासाचं सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. एकादशीला पाणी साठायचं थांबत नाही. ‘लो सोडियम’ मिठाच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

पाणी सरसकट तोडायचं, हेही आता जुनं झालं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना पाणी मोजून दिल्याने खास फायदा दिसला नाही, तहान मात्र वाढली. सूज जास्त असेल किंवा रक्तातलं सोडियम घटलेलं असेल, तर डॉक्टरांनी घातलेली मर्यादा पाळावीच लागते. पडून राहणंही औषध नव्हे. प्रकृती स्थिर असेल तर बोलता येईल इतपत वेगाने रोज चालणं चांगलं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र आणू नये. त्यांनी शरीरात मीठ-पाणी अडतं आणि किडनीवरही ताण येतो.

घरात एकच वस्तू घ्यायची असेल, तर माझ्या मते वजनकाटा घ्यावा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं, तर ते बहुधा साठलेलं पाणी असतं आणि धाप लागण्याआधीच काटा ते दाखवू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. लघवीच्या गोळीची मात्रा वेळेत वाढवली तर भरती व्हायची वेळ टळू शकते. झोपताना एकाऐवजी दोन-तीन उशा लागायला लागल्या, तरी तेच करायचं. बसल्या जागी धाप लागली, शुद्ध हरपली किंवा गुलाबी फेसाचा खोकला आला, तर फोनवर सल्ला विचारत बसू नये. १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठावं, आणि निघताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी.