क्लॅटचे लॉजिकल रिझनिंग : उत्तर उताऱ्यातच शोधा

बारावीनंतर वकिलीकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी ‘क्लॅट’ ही देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. बेळगाव, निपाणीच्या विद्यार्थ्याला बंगळूर खुणावते, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना भोपाळ, बडोद्याच्या मुलांना गांधीनगर, तर हैदराबादकरांना घरचेच ‘नालसार’. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विद्यापीठेही याच परीक्षेतून प्रवेश देतात. राज्य कुठलेही असो, पेपर एकच आणि तोही फक्त इंग्रजीत.

इथेच मराठी माध्यमातली मुले बिचकतात. ‘आपले इंग्रजी कच्चे, आपल्याला काय जमणार?’ असे म्हणून अनेक जण अर्जच भरत नाहीत. इंग्रजी वाचनाचा सराव लागतो, हे खरेच. पण लॉजिकल रिझनिंगमध्ये तपासला जातो तो युक्तिवाद, आणि त्याची सवय मराठीतूनही लावता येते.

पेपर कसा असतो?

पदवी प्रवेशाच्या क्लॅटमध्ये १२० प्रश्न आणि वेळ २ तास. म्हणजे उतारा वाचण्यासकट एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. त्यातले २२ ते २६ प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे. साधारण ४५० शब्दांपर्यंतचा उतारा आणि त्यावर प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला पाव गुण वजा.

प्रश्न बहुतेक ठरावीक घाटाचे असतात : लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याने काय गृहीत धरले, कशामुळे मुद्दा बळकट होईल, कशामुळे कमकुवत होईल आणि उताऱ्यावरून नक्की काय म्हणता येईल.

एक नमुना सोडवून पाहू

समजा, उताऱ्याचा सारांश असा आहे : ‘एका गावातील मराठी शाळेचा पट पाच वर्षांत निम्म्यावर आला. याच काळात शेजारच्या गावात इंग्रजी शाळा सुरू झाली. त्यामुळे पालकांनी मुले तिकडे घातल्यानेच मराठी शाळेचा पट घटला.’

पहिले काम, निष्कर्ष हुडकणे. ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘यावरून दिसते’ असे शब्द त्याचा माग देतात. इथे शेवटचे वाक्य निष्कर्ष आहे, आधीची दोन वाक्ये त्याचे आधार. दोन्ही आधार खरे मानून चालायचे. तपासायची ती आधारापासून निष्कर्षापर्यंतची उडी.

दुसरे, गृहीतक. लेखकाने न सांगता काय धरून चालले आहे? पट घटण्यामागे दुसरे मोठे कारण नाही, हे. पर्याय गृहीतकाचा आहे की नाही हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तो उलटा करून बघणे. ‘पट घटण्याचे दुसरे मोठे कारण आहे’ असे म्हटले की युक्तिवाद कोसळतो. म्हणून ते गृहीतक. उलटे करूनही युक्तिवाद उभाच राहिला, तर तो पर्याय सोडून द्यावा.

तिसरे, कमकुवत करणारा पर्याय. ‘रोजगारासाठी कुटुंबे शहरात गेल्याने गावातील शाळेच्या वयाची मुलेच निम्मी झाली’ हे वाक्य दुसरे कारण पुढे आणते, म्हणून ते उत्तर.

चौथे, बळकटी देणारा पर्याय. ‘मराठी शाळेचा दाखला काढलेल्या बहुतेक मुलांनी त्या इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला’ हे वाक्य नेमकी ती उडी भरून काढते.

आता सापळा. एक पर्याय असा असेल : ‘मातृभाषेतील शिक्षण मुलांसाठी अधिक चांगले असते.’ सीमाभागातल्या घरात वाढलेल्या मुलाचा हात तिथे आपसूक जाईल. शाळा टिकवायची धडपड त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. पण प्रश्न पट कशामुळे घटला, हा आहे. कुठले शिक्षण चांगले, यावर उतारा काहीच सांगत नाही. वाक्य मनाला पटणारे असूनही या प्रश्नाचे उत्तर ते नव्हे. उद्या कोर्टात उभे राहतानाही आपल्याला काय वाटते आणि पुराव्यातून काय सिद्ध होते, हे वेगळे ठेवावेच लागते.

‘जर-तर’ची गफलत

‘चोर्ला घाट बंद असला की बेळगाव-पणजी बस उशिरा पोहोचते. आज बस उशिरा आली. म्हणजे घाट बंद असणार.’ बोलताना हे खपून जाते, परीक्षेत नाही. टायर पंक्चर झाला असेल, बस सुटलीच उशिरा असेल. मात्र ‘बस वेळेवर आली, म्हणजे घाट बंद नव्हता’ हे पहिल्या वाक्यावरून पक्के निघते. ‘जर अ, तर ब’ यावरून ‘ब नाही, तर अ नाही’ एवढेच म्हणता येते. ‘ब आहे, म्हणून अ आहे’ म्हणता येत नाही.

तसेच ‘पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत’ याचा अर्थ पास असला की सोडतातच, असा नव्हे. पास हवाच, पण तेवढ्याने भागेल असे वाक्य म्हणत नाही. इंग्रजीत ‘ओन्ली इफ’ आणि ‘अनलेस’ दिसले की हेच आठवावे. ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘सम’ यांतला फरकही तितकाच महत्त्वाचा. उतारा ‘काही’ म्हणत असेल आणि पर्याय ‘सर्व’ म्हणत असेल, तर तो पर्याय बाद.

अंदाज कधी मारायचा?

हिशेब सरळ आहे. १६ प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरी ४ बरोबर, १२ चूक : ४ वजा ३, हाती १ गुण. त्याच १६ प्रश्नांत दोन-दोन पर्याय नक्की बाद करता आले, तर सरासरी ८ बरोबर, ८ चूक : ८ वजा २, म्हणजे ६ गुण. चुकीचे पर्याय गाळता येणे हेही गुण मिळवणेच आहे.

सराव कसा करावा?

रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्यावा, मराठी चालेल. निष्कर्षाखाली रेघ मारावी, आधारांना आकडे द्यावेत, लेखकाने काय गृहीत धरले ते एका ओळीत लिहावे. दोन-तीन आठवड्यांनी हेच इंग्रजी अग्रलेखावर करावे. मग परीक्षा घेणाऱ्या कन्सोर्टियमचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. चुकलेल्या प्रश्नापुढे ‘का चुकले’ हे लिहिलेली वही ठेवावी. काही दिवसांत त्याच दोन-तीन चुका परत परत दिसू लागतात आणि पुढचा अभ्यास त्यांच्यावरच करता येतो.

इंग्रजीचे दडपण काही केल्या जात नसेल, तर महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिच्यातही लॉजिकल रिझनिंग आहेच. त्यामुळे एकीची तयारी दुसरीला उपयोगी पडते आणि दोन्ही अर्ज भरून ठेवता येतात. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांनी पात्रता, जागा आणि लागणारे दाखले मात्र त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून आधी तपासून घ्यावेत.