गाडीला पोचा आला? आधी रंग पाहा, मगच हात लावा

साताऱ्यात मोती चौकाजवळ किंवा सांगलीच्या गणपती पेठेत गाडी लावून खरेदीला जावे आणि परत यावे, तर दारावर दुचाकीच्या हँडलचा पोचा. धडक देणारा केव्हाच निघून गेलेला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला घासून आलेला पोचा असो किंवा वळवाच्या गारांनी टपावर पाडलेले खड्डे असोत, दोन्ही जिल्ह्यांतल्या गाडीमालकांना हा अनुभव नवा नाही.

मोबाइलवर शोधले की गरम पाणी, बर्फ, हेअर ड्रायर, रबरी व्हॅक्यूम कप असे डझनभर उपाय दिसतात. त्यातले काही उपयोगी आहेत, पण प्रत्येक पोच्यासाठी नाहीत. चुकीच्या जागी केलेला घरगुती उपाय साध्या पोच्याचे रूपांतर रंगकामाच्या मोठ्या खर्चात करतो.

पोचा परत वर का येतो?

गाडीचा पोलादी पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. हलका, पसरट दाब बसला तर पत्रा वाकतो, पण ताणला जात नाही. अशा पोच्याला योग्य जागी ओढ मिळाली की तो मूळ आकारात येतो. टोकदार वस्तू लागली तर मात्र तेवढ्या जागचा पत्रा ताणला जातो. तो घरी सरळ होत नाही. पितळी कळशीचा पोचा तांबट आतून हळूहळू ठोकून काढतो, एका फटक्यात नाही. इथेही तोच नियम.

घरी काढता येईल का? चार गोष्टी तपासा

- रंग : पोच्यावर तडा, पोपडा किंवा खोल ओरखडा नसावा. नखाला रेघ अडकत असेल तर थांबावे.
- आकार : पोचा उथळ आणि किमान तळहाताएवढा पसरट असावा.
- जागा : दाराचा किंवा बॉनेटचा सपाट भाग चालतो. पत्र्याची कड, घडी किंवा उठावाची रेघ असेल तर नाही.
- जुने काम : त्या भागाला पूर्वी पुट्टी भरून रंग दिला असेल तर ओढताना रंग पोपड्यासह निघू शकतो. पोलादी पत्र्याला फ्रिजवरचे लोहचुंबक नीट चिकटत नसेल, तर खाली पुट्टी असण्याची शक्यता असते.

पत्र्यावरचा पोचा : व्हॅक्यूम कप

भाग आधी धुऊन पुसावा. धुळीचा एक कण राहिला तरी कपाखाली ओरखडा उठतो. हेअर ड्रायरने पत्रा कोमट करावा. हाताला सोसेल इतकाच, कारण जास्त उष्णतेने रंग खराब होतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी हे काम करू नये. थंडीत रंगाचा थर कडक होतो आणि तडकू शकतो. कपाच्या कडेला थोडे पाणी लावून तो पोच्याच्या मध्यावर दाबावा आणि सरळ बाहेर ओढावा. एकदाच जोरात हिसका देण्यापेक्षा चार-पाच वेळा बेताने ओढलेले बरे. पोचा किती उरला हे समोरून दिसत नाही. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पत्र्यात पाहावे. ते जिथे वाकडे दिसेल तिथे पोचा शिल्लक आहे.

बंपर : गरम पाणी

बहुतेक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात आणि हे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ होते. म्हणून उकळत्या पाण्याचा उपाय बंपरवर चालतो, पत्र्याच्या दारावर नाही. पाणी हळूहळू ओतावे, जाड हातमोजे घालून मागून दाबावे आणि आकार आला की गार पाणी टाकावे. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर हा प्रयोग टाळावा.

पत्रा तापवून त्यावर बर्फ फिरवला की पोचा टणकन वर येतो, असे व्हिडिओ खूप फिरतात. प्रत्यक्षात तेवढ्या फरकाने पत्र्याचे आकुंचन-प्रसरण फारच थोडे होते. त्यामुळे हा उपाय क्वचितच लागू पडतो.

गारांचे खड्डे आणि तडकलेला रंग

तासगाव, जतच्या द्राक्षपट्ट्यात गारपीट झाली की बागांबरोबर उघड्यावरच्या गाड्याही सापडतात. गारेचा खड्डा लहान आणि गोल असतो. त्यावर कप नीट बसत नाही. अशा वेळी ‘पीडीआर’ करणारा कारागीर गाठावा. तो रंग न काढता, आतून खास सळ्यांनी पत्रा हळूहळू वर आणतो. टपाच्या कडेला काही गाड्यांत एअरबॅग असतात, त्यामुळे आतले अस्तर स्वतः उचकटू नये.

रंग तडकला असेल तर पोच्यापेक्षा गंजाची काळजी आधी करावी. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात उघडा पत्रा लवकर गंजतो. गॅरेजमध्ये नेईपर्यंत निदान टचअप रंगाचा थर द्यावा.

विमा घ्यावा की नाही?

गारपिटीचे नुकसान ‘ओन डॅमेज’ विम्यात येते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही. पण लहान पोच्यासाठी दावा करण्याआधी हिशेब मांडावा. दावा न केल्यास ओन डॅमेज हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्के सवलत मिळते. एक दावा केला की साधारणपणे ही सवलत शून्यावर येते. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला दाव्यातले किमान 1000 रुपये मालकालाच भरावे लागतात, त्यापुढच्या कारला 2000.

समजा, ओन डॅमेज हप्ता 10,000 रुपये आहे आणि सवलत 50 टक्के. पोचा काढायचा खर्च 3,000 रुपये. दावा केला तर मिळतील जास्तीत जास्त 2,000 आणि पुढच्या हप्त्यात जातील 5,000. अशा वेळी खिशातून खर्च केलेला स्वस्त पडतो. टप, बॉनेट आणि डिकी गारांनी चाळणीसारखी झाली असेल, तर मात्र दावा करावा. तसे असेल तर गाडीला हात लावण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. घरी प्रयोग करून बसल्यावर मूळ नुकसान किती होते, हे दाखवणे अवघड जाते.