बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली?

घरी पिण्यापुरती बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक दिली. तिथल्या मराठी घरांतही आता हा छंद दिसतो. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा इकडच्यांनी हे नुसतं वाचावं.

आंबवण्याच्या भांड्यावरच्या एअरलॉकमधले, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले, बुडबुडे थांबले की बाटल्या भरायच्या, हा नवख्यांचा सगळ्यात महागात पडणारा समज. झाकण नीट बसलं नसेल तर कार्बन डायऑक्साइड तिथूनच निसटतो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून मुका राहतो. उलट यीस्टचं काम संपल्यावर खोली तापली, तर विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतच राहतात. खरं काय ते घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, सुरुवातीला १.०५० होतं, अपेक्षेप्रमाणे १.०१२ च्या आसपास उतरलं आणि दोन-तीन दिवस तिथंच राहिलं, तर आंबणं संपलं. अल्कोहोल साधारण ५ टक्के. आकडा घसरत असतानाच बाटल्या भरल्या, वर फेसासाठी साखर घातली, तर बाटल्या फुटतात. काच अंगावर येते, ही थट्टा नाही.

दुसरा समज थेट आपल्या स्वयंपाकघरातला. न्यू जर्सीच्या थंडीत ओव्हनचा दिवा लावून इडलीचं पीठ फुगवणाऱ्याला वाटतं, यीस्टलाही ऊबच हवी. ऊब मिळाली की यीस्ट सुसाट सुटतं हे खरं, पण घोटाळा तिथंच होतो. एल प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश सेल्सिअस पुरतात, लागरच्या यीस्टला १० ते १२. एलचं नेहमीचं यीस्ट २८ अंशांवर ठेवलं, तर जड अल्कोहोलं वाढून बिअरला थिनरची आठवण करून देणारा वास येतो. त्यात आंबताना वर्ट स्वतःच तापतं, खोलीपेक्षा चार-पाच अंशांनीसुद्धा. म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, भांड्याला चिकटवलेला हवा. माझ्या मते पहिले तीन दिवस तापमान सांभाळणं हे कडवटपणा देणाऱ्या महागड्या हॉप्सपेक्षा मोलाचं. शेवटी मात्र दोन अंश वाढवलेले बरे. लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल यीस्ट परत शोषून घेतं.

हवा बिअरची वैरी, हे अर्धंच खरं. वर्ट थंड झाल्यावर, यीस्ट घालताना, ते चांगलं घुसळावं. पेशींची आवरणं घडवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. आंबणं सुरू झाल्यावर मात्र भांडं सारखं उघडून पाहू नये.

राहिली घरच्या बिअरने डोळे जाण्याची भीती. डोळे घालवतं ते मिथेनॉल, आणि धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. घरच्या बिअरला खरा धोका असतो तो चरे पडलेल्या प्लास्टिकच्या भांड्याचा: त्या चऱ्यांत जंतू लपतात, साबण आणि निर्जंतुक करणारं द्रावण तिथवर पोचत नाही, आणि बिअर आंबट होते. असं भांडं बदलावं.