ईईजीच्या खोलीतला दिवस

सकाळी 8:30. संत तुकारामनगरला मेट्रोतून उतरून चालत दवाखाना. आधी लीड्सवर वाळलेली कालची पेस्ट ब्रशने काढायची. दोन कानांचे धरून एकवीस इलेक्ट्रोड. एक जरी नीट बसला नाही तरी रेघ नाचते आणि फिट असल्याचा भास होतो.

9:15. पहिला पेशंट चाकणच्या प्रेस शॉपमधला, विशीतला. रात्रभर जागून यायला सांगितलं होतं. "ते रोजचंच आहे मॅडम." आईने मात्र तपासणी आहे म्हणून डोक्यावर भरपूर तेल थापलेलं. पुन्हा शाम्पू. मग टेप, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत. दहा-वीस टक्क्यांच्या हिशेबाने पेन्सिलीच्या खुणा.

10:00. "डोळे मिटा." डोक्यामागच्या लीड्सवर लगेच अल्फा लहरी आल्या, सेकंदाला 8 ते 13. "उघडा." गेल्या. मेंदूची ही वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजायची. लाखो पेशींना एकाच वेळी मिळणाऱ्या इशाऱ्यांची ती बेरीज असते: काही इशारे 'पेट' म्हणणारे, काही 'थांब' म्हणणारे. मेंदूच्या बाह्यपटलातल्या साधारण ऐंशी टक्के पेशी ग्लुटामेट सोडून शेजाऱ्याला चेतवतात, उरलेल्या गाबा सोडून आवरतात. एका भागाकडून दूरच्या भागाकडे जाणारे लांब तंतू बहुतेक चेतवणारेच असतात. मग एक भाग दुसऱ्याला गप्प कसा करतो? तिथल्याच आवरणाऱ्या पेशींना चेतवून. निरोप बाहेरून येतो, लगाम स्थानिक लोक ओढतात.

पेशंटला फिट म्हणजे नेमकं काय ते हवं होतं. पेटणाऱ्या पेशींना आवर राहिला नाही की एकीमागून एक सगळ्या एका तालात पेटतात, जागरणाने ते आणखी सोपं होतं, असं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे प्रेस थांबवणारा इंटरलॉकच गेला की!" मी इतकी वर्षं याहून चांगलं समजावू शकले नव्हते. रिपोर्ट मात्र डॉक्टरच देतील, हेही सांगितलं.

11:45. दुसरीतला मुलगा. "बाई म्हणतात, वर्गात तंद्री लावून बसतो." हातात कागदी भिरभिरं दिलं: तीन मिनिटं जोरजोरात फुंकर. दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबलं, नजर गोठली, आणि सगळ्या रेघांवर सेकंदाला तीन या गतीने टोक-लाट, टोक-लाट. मी बटण दाबून म्हटलं, "आंबा." काही सेकंदांत तो पुन्हा फुंकू लागला. मी कोणता शब्द म्हटला? त्याला काहीच आठवेना. आई रडायलाच लागली. इतके दिवस ती त्याला ओरडत होती.

ही तंद्रीही फिटच, पण इथे इंटरलॉकचा दाखला लंगडा पडतो. मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसभोवतीच्या पेशी गाबाने थॅलॅमसला दाबतात. दाब सुटला की दबलेल्या पेशी उसळून बाह्यपटलाला चेतवतात, बाह्यपटल त्या दाबणाऱ्यांना पुन्हा उठवतं, आणि चक्र फिरत राहतं. इथे आवर गेलेला नाही, तोच ताल धरतो. म्हणून कार्बामॅझेपीनसारखी गोळी, जी दुसऱ्या प्रकारच्या फिटांना उत्तम, ती अशा मुलाला बाधू शकते. शेजाऱ्याची फिटची गोळी मुलाला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

1:30. डबा. खाताना आठवलं, इथल्या पिंपरीची जुनी ओळख असलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 साली स्थापन झाली ती पेनिसिलिनसाठी. तेच पेनिसिलिन प्राण्यांच्या मेंदूवर थेट लावलं तर फिट येते, कारण ते गाबाची दारं अडवतं. संशोधकांनी अपस्माराचा अभ्यास कित्येक वर्षं असाच केला. नेहमीच्या डोसला घाबरायचं कारण नाही.

दुपारी दोन साधे रेकॉर्ड.

4:30. आयसीयूतून बोलावणं. एका बाईंची फिट घरी बराच वेळ थांबली नव्हती. नातेवाईक कांदा हुंगवत बसले होते. फिट लांबली की पेशी गाबाची दारं आत ओढून घेतात आणि मिडाझोलामसारखी आवरणारी औषधं कमी पडू लागतात. तेव्हा तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल शोधू नका. माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर 108 ला फोन करा.